तेरचा संग्रह आणि आमची वाट

संग्रहालय म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईची ती घुमटाची इमारत उभी राहते. शाळेची सहल, लांबलचक रांग, काचेपलीकडच्या तलवारी आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी. आपण बघतो, दमतो आणि बाहेर येऊन वडापाव खातो. आत जे मांडलेलं असतं ते राजांचं, नबाबांचं, शेठ-सावकारांचं. त्यात आपलंही काही असू शकेल असं मनात येत नाही. पण महाराष्ट्रात काही लहान गावांतली संग्रहालयं अशी आहेत, की तिथं गेल्यावर माणसाला आपल्या आजीचं स्वयंपाकघर आठवतं. अशाच एका संग्रहालयाविषयी आज बोलायचं आहे. गावाचं नाव तेर. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीच्या काठचं.

मी राहतो उंबरमाळीला. मध्य रेल्वेवर खर्डी आणि कसारा या दोन स्टेशनांच्या मध्ये आमचं गाव येतं. तालुका शहापूर. नावात उंबर आहे आणि माळ आहे, यापलीकडे गावाची ओळख सांगायची झाली तर पंचाईत होते. आमच्याकडून तेरला जायचं म्हणजे लोकलनं कल्याण गाठायचं, तिथं रात्रीची लातूरची गाडी पकडायची, बोरघाट चढून, पुणं आणि कुर्डुवाडी मागं टाकून पहाटे धाराशिवला उतरायचं आणि मग एसटी. एवढा खटाटोप कशासाठी, असं घरच्यांनी विचारलं. कविता लिहिणाऱ्या माणसाकडे अशा प्रश्नाला सहसा उत्तर नसतं. या वेळी मात्र होतं. आपल्या ठाणे जिल्ह्याचे जुने राजे आपलं मूळ गाव म्हणून ज्या नगराचं नाव सांगत, ते नगर मला बघायचं होतं.

ती हकिकत अशी. साधारण नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं. ठाणं, म्हणजे त्यांचं श्रीस्थानक, ही त्यांची राजधानी. अंबरनाथचं शिवमंदिर त्यांच्याच काळातलं. तिथल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे. हे राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला तगरपूरचे स्वामी म्हणवून घेत. राज्य समुद्रकाठी आणि अभिमान मात्र कुठल्याशा तगर नावाच्या नगराचा. हे तगर नेमकं कुठलं, यावर विद्वानांत बराच काळ वाद चालला. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर. अखेर १९०१ साली फ्लीट या इंग्रज संशोधकानं तगर म्हणजे तेर असं साधार मांडलं आणि तेच मान्य झालं.

तगरचा उल्लेख त्याही आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात आला आहे. एका ग्रीक भाषक व्यापारी खलाशानं लाल समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला ‘पेरिप्लस’ म्हणतात. लिहिणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. तो सांगतो की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे, आणि तिथून जाडंभरडं कापड, मलमल असा माल गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदराकडे येतो. याच पुस्तकात आपल्या कल्याणचंही नाव आहे.

आजचं तेर बघून मात्र ‘फार मोठं शहर’ हे शब्द पटत नाहीत. चार गावांसारखं गाव. चहाची टपरी, खताचं दुकान, शाळेला निघालेली पोरं. पण गावाच्या आजूबाजूला मातीच्या टेकाडांसारखे उंचवटे दिसतात. त्यांना तिथं पांढरी म्हणतात. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची जागा. शेकडो वर्षं माणसं राहिली, घरं पडली, पुन्हा बांधली, त्या सगळ्याची ही रास. पाऊस पडून गेला की या मातीतून मणी वर येतात. नांगराला मडक्यांची खापरं लागतात, कधी एखादं नाणं लागतं, कधी मातीचं एखादं चित्र.

असं काही सापडलं की माणसं साधारण काय करतात? मण्यांची पोरं खेळणी करतात. नाणं सोनाराकडे जातं. खापर बांधावर फेकलं जातं. तेरमध्येही तेच झालं असतं. पण तिथं रामलिंगप्पा लामतुरे नावाचे एक गृहस्थ होते. ते कुठल्या विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते की पुरातत्त्व खात्याचे अधिकारी नव्हते. त्याच गावचे रहिवासी. गावच्या मातीतून जे जे निघेल ते त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केलं आणि जपून ठेवलं. पुढं तो सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन झाला. आज तेरमध्ये जे आहे ते त्यांच्याच नावाचं शासकीय पुराणवस्तू संग्रहालय. वस्तूंची संख्या वीस हजारांहून अधिक. एखाद्या राजाच्या खजिन्यात शोभावा असा हा आकडा; पण ही सगळी रास साध्या माणसांच्या वापरातल्या वस्तूंची आहे.

तिथं काय काय आहे? शंखाच्या बांगड्या. काचेचे, अकीकाचे, कार्नेलियनचे मणी, ज्वारीच्या दाण्याएवढ्यापासून बोराएवढ्यापर्यंत. सोंगट्या आणि फासे. सातवाहनांची नाणी. दिवे. हस्तिदंताच्या वस्तू. अंग घासायच्या भाजक्या मातीच्या वज्र्या. मडक्यांच्या तोट्या. या तोट्यांपाशी मी जरा जास्त वेळ थांबलो. आमच्या घरात तांब्याचं बदनं असायचं, तोटीचं. वजू करायला, हात धुवायला. बदनं म्हटलं की ते मुसलमानाच्या घरचं, अशी एक समजूत आहे. इथं काचेआड दोन हजार वर्षांपूर्वीच्या तोट्या होत्या. तेव्हा ना आमचा धर्म जन्मला होता, ना आजची मराठी. पाणी बारीक धारेनं पडावं, वाया जाऊ नये, एवढी साधी गरज होती. ती ज्याला पडली त्यानं मडक्याला तोटी केली.

सगळ्यांत जास्त आहेत ती मातीची चित्रं. बायका, पुरुष, मूल कडेवर घेतलेली आई, मेंढे, घोडे, बैल. काही पांढऱ्या चिनी मातीची. ती करण्याची रीत दुहेरी साच्याची. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा. दोन्ही साच्यांत बोटांनी माती दाबायची, मग दोन्ही अर्धे जोडायचे. आतून चित्र पोकळ राहतं, म्हणून वजनाला हलकं होतं आणि भट्टीत तडकत नाही. हे शहाणपण कुणा कुंभाराचं. त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही. पण त्यानं बोटांनी दाबलेली माती अजून तशीच आहे.

तेरचं नाव जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे ते आणखी एका वस्तूमुळे. इटलीत पॉम्पेई नावाचं शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं उत्खनन करताना १९३८ साली एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दोन दासी. ती तिथं गेली कुठून, हा प्रश्न आला. तिच्याशी जवळचं नातं सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेरला सापडली. भोकरदनलाही तशाच घडणीचा तुकडा मिळाला. म्हणजे मराठवाड्यातल्या कुणा कारागिराच्या हातची, किंवा त्याच्या भावकीतल्या कुणाच्या हातची कला समुद्र ओलांडून रोमन माणसाच्या घरात जाऊन बसली होती, असं मानायला जागा आहे.

मी तिथं असताना गावाकडच्या बायकांचा एक घोळका आला. गोरोबाकाकांच्या समाधीला आल्या होत्या. तेर हे संत गोरा कुंभारांचं गाव. दर्शन झाल्यावर ‘इथं जुन्या वस्तू आहेत’ असं कुणी तरी सांगितलं म्हणून त्या आत शिरल्या. दागिन्यांपाशी थोड्या रेंगाळल्या. मग त्यांच्यातली एक म्हातारी दगडी पाट्यापुढं थबकली. म्हणाली, “आगं माय, ह्यो तर आपल्या घरचाच पाटा की!” तिच्यासोबतच्या सात-आठ वर्षांच्या नातीनं विचारलं, “आज्जे, मंग आपला बी हितंच ठिवायचा का?” सगळ्या हसल्या. मीही हसलो. पण पोरीनं विचारलं ते खरं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचा पाटा ठेवायचा, तर आजीचा का नाही ठेवायचा? आणि आजीचा ठेवायचा तर तो कुणी ठेवायचा, कुठं ठेवायचा?

गोरोबाकाकांची एक गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. संतांची मांदियाळी जमली असताना मुक्ताबाईनं विचारलं, काका, यातलं कुठलं मडकं कच्चं आणि कुठलं पक्कं? काकांनी आपलं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. सगळे गप्प राहिले, नामदेव तेवढे रागावले. काका म्हणाले, हे मडकं अजून कच्चं आहे. संतकथेचा अर्थ वेगळा आहे, तो आपल्या जागी थोर आहे. पण संग्रहालयात उभं राहून मला कुंभाराच्या धंद्यातलं साधं सत्य जाणवलं. कच्चं मडकं पहिल्या पावसात विरघळतं, मातीत मिसळतं, त्याचं नावनिशाण राहत नाही. भाजलेलं मडकं फुटलं तरी त्याचं खापर हजारो वर्षं टिकतं. गावाच्या आठवणींचंही तसंच आहे. ज्या नुसत्या तोंडी राहिल्या त्या त्या माणसाबरोबर विरून गेल्या. ज्या कुणी तरी जमवल्या, लिहिल्या, नीट ठेवल्या, त्या राहिल्या.

आता माझ्या मुलखाकडे येतो.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा इतिहास लहान नाही. मुरबाड तालुक्यात वैशाखरे गावावरून नाणेघाटाची चढण लागते. घाट जुन्नरकडे जातो. पैठण, जुन्नर, नाणेघाट, कल्याण ही सातवाहनांच्या काळातली व्यापाराची मोठी वाट. म्हणजे ज्या काळात तेरच्या कुंभारानं ती पोकळ चित्रं भाजली, त्या काळात आमच्या डोंगरातून बैलांचे तांडे उतरत होते. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे, गायी-घोड्यांचे आकडे कोरलेले आहेत. आपल्याकडच्या जुन्यात जुन्या कोरलेल्या आकड्यांत त्यांची गणना होते. त्याच लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. वर नावं कोरलेली आहेत, पण मूर्तींची आज फक्त पावलं उरली आहेत. राजांची पावलं आणि तेरच्या कुंभाराचा अख्खा मेंढा! काळ कुणाचं काय ठेवील, ते सांगता येत नाही.

पुढं इंग्रजांच्या अमलात आगगाडी आली. १८५५ साली रूळ वाशिंदपर्यंत आले, १८६१ च्या पहिल्या दिवशी कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ साली थळघाट चढून इगतपुरीला गेले. आजही कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. घाटातले बोगदे आणि पूल बघायला माणसं खिडकीशी गर्दी करतात. ते डोंगर ज्यांनी फोडले त्यांची नावं कुठं आहेत? मग पाणी आलं. म्हणजे आमच्याकडून गेलं. तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झालं. पुढं भातसा आलं. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा आमच्या डोंगरांतला आहे. आणि दर उन्हाळ्यात आमच्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. अलीकडे, २०२५ च्या जूनमध्ये, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. तोही आमच्याच तालुक्यातून गेला.

दोन हजार वर्षं आमच्या मुलखातून काही ना काही जातंच आहे. कापड गेलं, मणी गेले, आगगाडी गेली, पाणी गेलं, आता मोटारी चालल्या आहेत. वाटेवरच्या गावाचं असं होतं. त्याचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. नाणेघाट सातवाहनांच्या इतिहासात मांडला जातो, थळघाट रेल्वेच्या, तानसा मुंबई महापालिकेच्या. हे चूक आहे असं नाही. पण धरणाच्या पाण्याखाली ज्यांची शेतं गेली, घाटात ज्यांनी सुरुंगाचे दगड उपसले, त्यांची नोंद कुठल्या वहीत शोधायची?

आमच्याकडे स्मरण अगदीच नाही असं मात्र कुणी समजू नये. मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांनी वीरमरण आलं. दर वर्षी त्या दिवशी माणसं तिथं जमतात, मशाली पेटवतात. हौतात्म्य लक्षात राहतं, आणि राहायलाच हवं. पण रोजचं जगणं लक्षात ठेवायला आपल्याकडे तिथी नसते. ते काम संग्रहालयाचं.

आणि आमच्या रोजच्या जगण्यातलं काय काय चाललं आहे ते सांगतो. बांबूच्या कामट्यांचं आणि पळसाच्या पानांचं इरलं. भात लावताना बाई ते पाठीवर घ्यायची आणि दोन्ही हात मोकळे राहायचे. आज त्या जागी प्लास्टिकचा कागद आला. भात साठवायची कणगी गेली, पत्र्याची कोठी आली. मापाची पायली आणि अधोली गेली. खळ्यातला तिवडा गेला, कारण मळणीला यंत्र आलं. कोयता अडकवायची कमरेची लाकडी आकडी अजून दिसते, पण म्हाताऱ्यांच्या कमरेला. सुक्या भोपळ्याचा तारपा लग्नात वाजतो, पण तो करणारे हात थोडे उरलेत. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून कात काढायचा म्हणून आमच्या कातकऱ्यांना ते नाव पडलं. जंगलाचे कायदे आले, धंदा गेला, नाव तेवढं राहिलं. कात काढायची मडकी कशी होती हे सांगणारं माणूस आता शोधावं लागतं.

या वस्तू गेल्या याचं मला फार दुःख नाही. प्लास्टिकचा कागद हलका असतो, यंत्रानं मळणी लवकर होते. पावसात इरल्याखाली वाकून दिवस काढणाऱ्या बाईला जाऊन ‘तुमचं इरलं किती सुंदर’ असं सांगायची माझी हिंमत नाही. वस्तू जायच्याच. पण वस्तूबरोबर तिचं नाव जातं, नावाबरोबर ती करण्याची रीत जाते आणि रीत गेली की ती करणारा माणूस मुळी होता की नव्हता इथपर्यंत गोष्ट येते. भंगारवाल्याच्या हातगाडीवर तांब्याचं बदनं आणि पितळेचा तांब्या शेजारी शेजारी पडलेले मी पाहिले आहेत. वजनावर दोघांचा भाव सारखा.

पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर हे मुळात कवी. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करत. राजा हा त्यांचा मुलगा, लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी, वाद्यं असं जन्मभर जमवलं. तेरला लामतुरे, पुण्याला केळकर. दोघांनी सरकारी योजनेची वाट पाहिली नाही. आधी जमवलं, सरकार मागून आलं. म्हणून मला वाटतं, आमच्या तालुक्यात संग्रहालय व्हावं हे मागणं मंत्रालयात नेण्याआधी गावातल्या शाळेत न्यावं. एखाद्या शाळेत एक खोली नसली तरी एक कपाट असतं. त्या कपाटात दहा वस्तू ठेवल्या तरी सुरुवात होते.

मात्र वस्तूंपेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे कपाटाजवळची वही. तेरच्या मेंढ्याखाली त्या कुंभाराचं नाव नाही, कारण ते सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. आपली गोष्ट वेगळी आहे. इरलं विणणारी बाई अजून पाड्यावर आहे. तारपा करणारा बाबा अजून ओटीवर बसलेला असतो. धरणात शेत गेलं तेव्हा लहान असलेला माणूस अजून त्या शेताचं नाव सांगू शकतो. म्हणून वहीत लिहायचं ते असं: वस्तूचं नाव, तिचं आपल्या बोलीतलं नाव, ती कशाची केली, कुणी केली, कुणी वापरली आणि कुणी दिली. ठाकर, वारली, महादेव कोळी, कातकरी, कुणबी, आगरी, मुसलमान, ज्याच्या घरातून जे येईल ते त्याच्या नावानं. पाचवीतलं पोरगंही हे लिहू शकेल. आजीला विचारायला त्याच्याइतका हक्काचा माणूस दुसरा नाही.

यंदा पावसाळ्याआधी आपापल्या घराचा माळा काढाल तेव्हा एवढं करा. जे भंगारात द्यायचं ठरेल त्यातली एक वस्तू बाजूला ठेवा आणि घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाला तिचं नाव विचारा. नाव कळलं की लगेच लिहून ठेवा. पाऊस आला की कच्चं मडकं टिकत नाही.